हरलेलं वल्हं

१

रविवारी सकाळी सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीच्या, वळचणीखालची एक खुंटी रिकामी दिसली, आणि आमच्या क्लबात पहिल्यांदाच चोरी झाली. चोरी तरी कशाची, तर आदल्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सपाटून हरलेल्या एका जुन्या लाकडी वल्ह्याची. शेजारच्याच खुंटीवर रास्मुसचं नवंकोरं काळं वल्हं जसंच्या तसं होतं. सोनं सोडून पितळ नेणारा चोर मी तरी कधी पाहिला नव्हता.

मी हेम्मो, काइस्लानिएमीच्या तळ्यावरच्या कयाक क्लबाचा चिटणीस; कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी. आयुष्यभर लोकांचे दात काढले, त्यामुळे कोण तोंड उघडत नाही आणि का उघडत नाही, हे मला बरं कळतं. पण त्या आठवड्यात एक दुखरा दात माझ्या शेजारी बसून कॉफी पीत होता आणि मला पत्ता लागला नाही.

आधी शनिवारचं सांगतो. रास्मुस हा शहरातून आलेला तरुण, स्वतः वल्ही बनवून विकतो. त्याच्या वल्ह्याच्या पात्यावर बारीक पन्हळी आहेत आणि त्या पाणी धरून ठेवतात म्हणे. "दर दहा मिनिटांत एक मिनिट वाचतं," असं त्याच्या पत्रकात ठळक छापलेलं होतं. आमचा अध्यक्ष इल्पो ते वाचूनच लग्नाला तयार झाला होता, मुलगी बघणं नावापुरतंच. सगळ्या क्लबासाठी नवी वल्ही मागवायची आणि जुनी लाकडी वल्ही भर उन्हाळ्यात पेटवतात त्या होळीत टाकायची, असा त्याचा बेत होता. किनाऱ्यावर लाकडं रचायला सुरुवातसुद्धा झाली होती.

ती जुनी वल्ही सुलोने केलेली. सुलो जाऊन सहा वर्षं झाली. त्याची बायको तैमी आमचं होडीघर सांभाळते. किल्ली तिच्या गळ्यात असते. रोज पहाटे ती कुलूप उघडते, बेडकुळ्या नसलेल्या हातांनी कयाक पाण्यात ढकलते आणि लव्हाळ्यांच्या कडेने एक फेरी मारून येते. सुलो गेल्यावर ती जगली ती या फेरीवर, हे क्लबातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच रास्मुस म्हणाला होता, "उगाच माझ्यावर विश्वास ठेवू नका. पारखून घ्या. तीच कयाक, तोच माणूस, तेच अंतर. फक्त वल्हं बदलायचं." सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत सुलोचं सगळ्यात देखणं वल्हं मानाने टांगलेलं असायचं, ते त्यासाठी निवडलं. शनिवारी सकाळी एकेकाने ते घेऊन धक्क्यापासून तळ्यात तरंगणाऱ्या लाल तरंडापर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं. मग कॉफी, वेलचीचे पाव. मग तेच अंतर रास्मुसच्या वल्ह्याने. घड्याळ इल्पोच्या हातात.

एकूण एक माणूस नव्या वल्ह्याने लवकर परतला. मीसुद्धा. "सुलोच्या वल्ह्याला जसं कोणी पलीकडून लोंबकळत होतं," असं मीच बोललो आणि लोक हसले. तैमी कॉफीची किटली घेऊन मागेच उभी होती. तिने किटली खाली ठेवली.

"उद्यापासून हे वल्हं तुम्हाला दिसायचं नाही," ती म्हणाली. "तुमची लायकी नाही ती."

आणि दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी.

"मी नेलं नाही," तैमी म्हणाली. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे गप्प बसण्याला होकार समजतात, नकार समजतात आणि शिवीही समजतात. इल्पोने घसा साफ केला आणि येत्या शनिवारच्या सभेपुढे दोन विषय ठेवले. एक, नव्या वल्ह्यांची मागणी. दुसरा, होडीघराची किल्ली यापुढे कोणाकडे असावी.

तैमीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मी तडक ओनेर्वाकडे गेलो.

२

ओनेर्वा तळ्याच्या पलीकडे राहते. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश होती. निवृत्त झाल्यावर क्लबात आली ती सौनासाठी. वल्हवण्यात ती आमच्यापैकी सगळ्यात कच्ची आहे आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नाही. मी गेलो तेव्हा ती पायरीवर बसून मासे साफ करत होती. सगळं ऐकेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"कोणी नेलं ते मागाहून बघू," ती म्हणाली. "आधी मला सांग, ते हरलं कशामुळे?"

"नवं चांगलं आहे म्हणून."

"हे तुला रास्मुसने सांगितलं, इल्पोने सांगितलं, पत्रकाने सांगितलं. तुला स्वतःला काय कळलं?"

"जुनं जड लागत होतं."

"जड लागत होतं." तिने सुरी पाण्यात धुतली. "सुलो असताना तू त्याच वल्ह्याने दोन उन्हाळे फिरलास. तेव्हा जड लागायचं?"

मी विचार केला. लागत नव्हतं. पण तेव्हा माझं वय कमी होतं, असं मी म्हणालो. ती हसली.

"बघ, प्रत्येकाजवळ कारण तयार असतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं तुम्हाला वल्हवता येईना तर वल्हं वाकडं. आणि वल्हं खरंच वाकडं असलं, तर तुम्ही म्हणणार वय झालं. चल, त्या पोराला भेटू."

रास्मुस सभेपर्यंत गावातच थांबला होता, क्लबाच्या अंगणात तंबू ठोकून. राय धान्याच्या पावावर चीज ठेवून खात होता.

"तुम्ही न्यायाधीश होतात ना?" तो उठून उभा राहिला.

"मला अहोजाहो करू नकोस, मी काही मेलेली नाही. बस. दहा मिनिटांत एक मिनिट, हे कोणी मोजलं?"

"मी."

"वल्हवलं कोणी?"

"मीच."

"जुनं वल्हं कुठलं घेतलं होतंस मुकाबल्याला?"

त्याने चीजकडे बघितलं. "एका भाड्याच्या दुकानातलं. प्लास्टिकचं."

"म्हणजे सगळ्यात वाईट वल्हं, आणि आपल्या लेकराची धाव मोजणारा बापच. बरं, जुन्याने आधी गेलास की नव्याने?"

"जुन्याने. मग अंग तापल्यावर..." तो मध्येच थांबला. कान लाल झाले. "मी खोटं बोललो नाही. मोजलं तेच छापलं."

"खोटं कोण म्हणतंय? तू तुझ्या वल्ह्याच्या प्रेमात आहेस. प्रेमातल्या माणसाची साक्ष घ्यायची असते, निकाल नाही. वल्हं तू नेलंस?"

"मी कशाला नेऊ? मी जिंकलो होतो. ते तिथे टांगलेलंच मला हवं होतं."

परत येताना ओनेर्वा म्हणाली, "खरं बोलतोय. हरलेलं वल्हं म्हणजे त्याची जाहिरात. आपली जाहिरात कोण चोरतो?"

"मग उरली तैमी," मी म्हणालो, आणि तोंडातून शब्द निघताच मला स्वतःचा राग आला.

३

तैमी होडीघरापुढच्या बाकावर बसली होती. किल्ली गळ्यात नव्हती. बाकावर बाजूला काढून ठेवली होती.

"आताच सवय करते," ती म्हणाली.

"गळ्यात घाल ती," ओनेर्वा तिच्याशेजारी बसली. "शनिवार अजून लांब आहे. मला वल्ह्याबद्दल सांग. ठीक होतं ते?"

"पात्याच्या मुळाशी केसासारखी फट पडली होती. बुधवारी कॉफीच्या वेळी सगळ्यांना दाखवली मी. सांधा थोडा हलत होता. मी इल्पोला म्हटलं दुसरं वल्हं घ्या, तर तो म्हणाला, आता हरायच्या आधीच सबबी नकोत."

"शनिवारी संध्याकाळी तूच टांगलंस ना ते?"

"हो. बाहेर, वळचणीखाली. ओलं लाकूड आत ठेवू नये असं सुलो म्हणायचा. एरवी त्याचं वल्हं कॉफी संपेपर्यंत सुकतं, इतकं तेल पाजलेलं असतं त्याला. त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी गारच लागत होतं हाताला."

"आणि वजनाला?"

तैमीने उजवा खांदा चोळला. "खुंटीवर चढवताना कळ आली. हा खांदा आता गेला, ओनेर्वा. मला वाटलं, त्याचं वल्हंसुद्धा मला पेलवत नाही. म्हणून जास्त रडू आलं. पण मी ते नेलं नाही. रागात बोलले खरी. नेलं असतं तर दिवसाढवळ्या, तुमच्या नाकासमोरून नेलं असतं."

हे मात्र तैमीसारखंच होतं.

इल्पोला गाठायला वेळ लागला. तो सुलोच्या जुन्या वल्ह्यांवर होळीची लाकडं रचत होता आणि आम्हाला बघून जोरात रचायला लागला.

"मला तैमीचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण सगळ्यांसमोर ती बोलली की नाही? उद्या अख्खं होडीघर रुसून घरी नेईल. क्लब भावनेवर चालत नाही. आणि पारख तर चोख झाली. पुरावा आहे माझ्याकडे."

पुरावा म्हणजे फोटो. शनिवारी सकाळी, कोणी पाण्यात उतरायच्या आधी, त्याने दोन्ही वल्ही भिंतीला टेकवून मध्ये स्वतः उभं राहून फोटो काढवला होता. ओनेर्वाने त्याचा फोन नाकाशी धरला.

"गेल्या आठवड्यात पाऊस होता?"

"थेंबही नाही. झाडांना पाणी घालून कंटाळलो."

"आणि हे पाण्यात जायच्या आधीचं?"

"सांगितलं ना. सगळं कोरडं ठाक आहे."

"सगळं आहे," ओनेर्वा म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. "हे सोडून."

सुलोचं वल्हं फोटोत काळपट दिसत होतं. दोन्ही पाती आणि दांडा, भिजलेल्या लाकडासारखा गडद. जिथे ते टेकवलं होतं त्या फळीवर ओलीचा डाग होता.

४

मंगळवारी मी ताउनोकडे गेलो. ताउनो माझा जुना शेजारी, सुलोचा जिवलग मित्र, आणि गेली सहा वर्षं तैमीकडे न बघता तिची सगळी कामं करणारा माणूस. तिची लाकडं तोच फोडतो, तिच्या दारातला बर्फ तोच काढतो, आणि तिने आभार मानले की "हं" म्हणतो. माणसाने प्रेम करावं तर असं, की जिच्यावर करतो तिला सोडून अख्ख्या गावाला कळावं. म्हटलं, तैमीच्या बाजूने सभेत बोलायला त्याला तयार करू.

त्याच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी खूश झालो. ताउनो पक्का चिकट. सौना तापवणार फक्त शनिवारी, आणि तोही दोन घरं मिळून लाकडं वापरता येत असली तर. मंगळवारी तापवतोय म्हणजे काहीतरी खास असणार.

"टॉवेल आणायला जाऊ का?" मी विचारलं.

तो दारात आडवा उभा राहिला. "आज नको."

"धूर तर निघतोय."

"निघू दे."

"कोणी पाहुणा आहे का आत?"

"हेम्मो, घरी जा." आणि त्याने दार ओढून घेतलं. डासांनी माझी मान फोडून काढेपर्यंत मी तिथेच उभा होतो. पन्नास वर्षांच्या शेजारात तापलेल्या सौनाच्या दारातून मला कोणी परत पाठवलं नव्हतं. हा अपमान मी ओनेर्वाला इतका रंगवून सांगितला की ती कंटाळेल असं वाटलं. उलट तिने मला दोनदा सांगायला लावला.

"घामाचा वास आला? सौनात अंगावर मारतो त्या बर्चच्या डहाळ्यांचा?"

"नाही. लाकडाला पाजतात त्या जवसाच्या तेलाचा."

ती उठलीच. आम्ही क्लबाच्या धक्क्यावर गेलो. धक्क्याच्या उजव्या अंगाला ताउनोची लाकडी होडी पाण्याखाली होती, पोटात दगड भरून बुडवलेली. हिवाळाभर जमिनीवर पडून होडीच्या फळ्या आकसतात, मग वसंतात आम्ही सगळेच ती बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी मिटतात. बाकीच्यांच्या होड्या केव्हाच तरंगू लागल्या होत्या. ताउनोची नेहमी शेवटी.

ओनेर्वा धक्क्यावर पालथी झोपली आणि खाली डोकावली.

"होडीतल्या दगडांचं मी समजू शकते," ती खालूनच म्हणाली. "पण तिच्याशेजारी हे काय आहे?"

मीही डोकावलो. धक्क्याच्या खांबाला दोर बांधला होता. दोराच्या टोकाला दगड होता, आणि दगडाच्या वर सैलसा फास. त्या फासात काहीच नव्हतं.

५

शुक्रवारी ओनेर्वाने पुन्हा पारख मांडली. इल्पो कुरकुरला, "हरल्यावर पुन्हा डाव मागायचा असतो का?" पण रास्मुसच म्हणाला, "होऊ दे. मलाही बघायचंय." त्या क्षणापासून मला तो पोरगा आवडायला लागला.

सुलो वल्ही नेहमी जोडीने करायचा, एकाच फळीतून दोन. हरवलेल्याचं जुळं होडीघरात होतं. तैमीने ते काढून आणलं. ओनेर्वाने ते आधी माझ्या हातात दिलं, मग इल्पोच्या.

"हे ते नव्हे," इल्पो लगेच म्हणाला. "ते कितीतरी जड होतं."

"एकच झाड, एकच फळी, एकच हात," ओनेर्वा म्हणाली. "लक्षात ठेव काय बोललास ते."

या वेळी कोणी कुठल्या वल्ह्याने आधी जायचं ते नाणं उडवून ठरवलं. कॉफी सगळं संपल्यावर. त्याने सर्वांत जास्त नाराजी पसरली. परत येणाऱ्याने धक्क्यावरची घंटा वाजवायची, आणि घड्याळ घेऊन ओनेर्वा तळ्याकडे पाठ करून बसली.

"मागच्या वेळी घड्याळ अशाच्या हातात होतं, ज्याने निकाल आधीच लावला होता," ती म्हणाली. "मला कळताच कामा नये कोण कशाने आलं."

इल्पो लाल झाला, पण गेला. दोन्ही वल्ह्यांनी जीव तोडून गेला.

शेवटी आकडे जुळवले तेव्हा हसावं की रडावं कळेना. कोणी नव्याने केसभर पुढे, कोणी जुन्याने. मी दोन्हींनी सारखाच मंद. आणि सगळ्यांत मोठा फरक इल्पोच्या नावावर होता. तो सुलोच्या वल्ह्याने चांगलाच लवकर आला होता.

"वारा होता," इल्पो म्हणाला.

"बघ, वारा आला," ओनेर्वा म्हणाली. "शनिवारी वल्ह्याचा दोष होता. आज वाऱ्याचा."

रास्मुस खाली बसून आपल्या वल्ह्याच्या पन्हळींवरून बोट फिरवत होता. त्याच्या शेजारी तैमी येऊन उभी राहिली. "बघू," म्हणाली आणि ते काळं वल्हं घेऊन पाण्यात उतरली. आम्ही सगळे बघत राहिलो. ती लव्हाळ्यांपर्यंत गेली, सावकाश वळली, परत आली.

"वेगाचं काही खरं नाही," ती त्याला म्हणाली. "पण हलकं आहे. खांदा दुखला नाही. हे का नाही छापलंस?"

"हलकेपणाला कोण विचारतं?" तो म्हणाला.

"माझ्या वयाचा हो आधी. मग विचारशील."

ताउनो त्या दिवशी आलाच नाही. ओनेर्वाने घड्याळ खिशात टाकलं आणि हलकेच म्हणाली, "आता चोर कळला. पण उद्या मी त्याचं नाव घेणार नाही. त्यानेच घ्यायला हवं."

६

शनिवारी सभेला सगळे आले. ताउनोही आला, दाराजवळ भिंतीला टेकून उभा राहिला. तैमीने येताच किल्ली गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. कोणाला मागायची वेळ येऊ नये म्हणून. इल्पो तिच्याकडे बघेना.

ओनेर्वा उठली.

"चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची सभा असेल तर मी घरी जाते," ती म्हणाली. "नसेल तर ऐका. आपण आठवडाभर विचारलं, वल्हं कोणी नेलं. मी विचारलं, ते जड का झालं. त्याचं जुळं हलकं आहे, हे तुम्ही काल हाताने पाहिलं. इल्पोच्या फोटोत ते पाण्यात जायच्या आधीच भिजलेलं आहे. संध्याकाळपर्यंत ते सुकलं नाही. याचा अर्थ एकच. ते पारखीच्या आधी पाण्यात होतं, एकदोन तास नव्हे, चांगलं मुरेपर्यंत. त्याने पाणी पिऊन घेतलं होतं. तुम्ही सगळे वजन ओढत होतात, आणि थंड अंगाने, कॉफीच्या आधी. जड लागलं, तर तुम्ही वल्ह्याला नावं ठेवलीत. तैमीला जड लागलं, तर तिने आपल्या खांद्याला नावं ठेवली. पाण्याला कोणीच नाव ठेवलं नाही."

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम हरवलं त्याला," इल्पो म्हणाला आणि रास्मुसकडे वळला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण हरवायचं असेल त्याने काम झाल्यावर वल्हं न्यायचं कशाला? ते तिथेच सुकलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. रास्मुसला ते टांगलेलं हवं होतं. तैमीला ते भिजलंय हे ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर तिने रविवारी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. वल्हं नेलं ते अशाने, ज्याला माहीत होतं की ते पाणी प्यालंय, आणि ज्याला ते घाईने सुकवायचं होतं. पुन्हा पारख व्हावी आणि या वेळी ते जिंकावं म्हणून."

इल्पोने हातातला कप खाली ठेवला.

"मग त्याने ते बुडवलंच का?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. शप्पथ.

"कारण बुधवारी तैमीने फट दाखवली. लाकडाला फट पडली तर आपण काय करतो, हेम्मो? आपल्या बापाने काय केलं, आजाने काय केलं? बुडवून ठेवतो. होडीला जे औषध, तेच त्याने वल्ह्याला दिलं. त्याला ते हरवायचं नव्हतं. ते जिंकावं म्हणून आठवड्यात सगळ्यात जास्त जर कोणी झटलं असेल तर तोच."

एवढं बोलून ती खाली बसली. न्यायाधीश म्हणून तिने काय कमावलं असेल तर हे, की गप्प कधी व्हायचं. मग दार वाजलं. ताउनो निघून गेला होता.

"बघा," इल्पो हळूच म्हणाला. "पळाला."

तैमी दाराकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार उशिरा काहीतरी वाचता येऊ लागलेल्या माणसासारखी ती बघत होती.

कॉफी गार झाली तेव्हा ताउनो परत आला. हातात घोंगडीत गुंडाळलेलं लांबडं गाठोडं. त्याने ते तैमीपुढे टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. सुलोचं वल्हं होतं. कोरडं, तेलाने चकाकणारं, आणि पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत उभं फाटलेलं.

"गुरुवारी बुडवलं, शनिवारी पहाटे काढलं," तो म्हणाला. आयुष्यात त्याला इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. "फट मिटली होती. मला वाटलं, झालं काम. मग तुम्ही हसायला लागलात. मग माझ्या लक्षात आलं. रात्री खुंटीवरून नेलं. मंगळवारी सौनात सुकवायला ठेवलं. आच जास्त झाली. आवाज आला." त्याने तैमीकडे पाहिलं. "तुझी किल्ली जाईल असं मला वाटलं नव्हतं. मग रोज ठरवायचो, सांगू. आणि रोज हे बघायचो. हे घेऊन तुझ्यासमोर कसा येऊ?"

तैमीने फाटलेल्या पात्यावरून अंगठा फिरवला, मुळापासून टोकापर्यंत.

"सुलोनेही एक असंच फोडलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी. सौनातच. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मला वाटलं माझंच काही चुकलं. तुम्ही पुरुष लाकडाला सगळं सांगता, ताउनो. बाईला एक शब्द सांगायला काय होतं?"

"हं," ताउनो म्हणाला. मग बहुधा ते पुरेसं नाही असं वाटून म्हणाला, "हरू नये असं वाटलं. तुझ्यासमोर."

इल्पोने टेबलावरची किल्ली उचलली. क्षणभर मला धास्ती वाटली. पण तो तैमीपाशी गेला आणि ती तिच्या हातात ठेवली. तोंडाने माफी मागणं त्याला जमलं नाही. कान मात्र चांगले लाल झाले होते. बाहेर जाऊन त्याने होळीच्या ढिगाखालून सुलोची वल्ही काढली, एकेक करून, आणि होडीघरात नेऊन ठेवली.

नव्या वल्ह्यांची मागणी सभेने फेटाळली. एक मात्र घेतलं, तैमीसाठी, तिच्याच मागणीवरून. रास्मुसने आपलं पत्रक परत छापलं. आता त्यात वेगाबद्दल अवाक्षर नाही. "दुखऱ्या खांद्यांसाठी" असं आहे, आणि ऐकतो की ते बऱ्यापैकी खपतं.

फाटलेलं वल्हं जोडायची शिक्षा तैमीने ताउनोला दिली. सावकाश, सावलीत, तिच्या अंगणात, तिच्या देखत. तो रोज जातो. काम होत आलं असं तो गेले तीन आठवडे म्हणतोय.

परवा शनिवारी त्याच्या सौनाच्या धुराड्यातून पुन्हा धूर निघाला. मी टॉवेल खांद्यावर टाकून पायरीवर बसलो, बोलावणं येईल म्हणून. बोलावणं निघालं खरं. ताउनो माझ्या दारावरून गेला, मान हलवली आणि तैमीच्या घराकडे वळला. मी टॉवेल पुन्हा दोरीवर टाकला.